माहेरापुढचा चढ

शकुन तायडे अकोल्याच्या एसटी डेपोत वाहक आहे हे तिच्या आवाजावरून कळतं, आणि ती मॅरेथॉन पळते हे तिच्या पोटऱ्यांवरून. "सरका, पुढं सरका, मधात जागा आहे" असं ती म्हणाली की भरलेल्या बसमध्ये खरंच जागा होते. अशी ही बाई नागपूर, हैदराबाद, मुंबई कुठं कुठं जाऊन बेचाळीस किलोमीटर पळून आलेली. आठ वेळा गेली आणि आठही वेळा आपल्या पायांनी परत आली.

नववी मॅरेथॉन अमरावतीत होती, आणि अमरावती तिचं माहेर.

छत्री तलावाकडं जाणारा रस्ता जिथं चढायला लागतो, तिथंच चढाच्या अंगावर तिच्या वडिलांचं, किसनरावांचं घर आहे. शर्यत नेमकी त्याच रस्त्यानं जाते, पुढं जाऊन वळते आणि त्याच रस्त्यानं परत येते. गल्लीनं डफडं सांगितलं होतं. दारादारांत रांगोळ्या होत्या. शकुननं लांबूनच ओट्यावरचे वडील पाहिले आणि तिच्या अंगात काय संचारलं देव जाणे, चढावर सगळे हळू होतात तिथं ही सुटली. चार पुरुषांना मागं टाकून घरासमोरून अशी गेली की तिच्या वहिनीच्या, म्हणजे चंदामामीच्या हातातलं ओवाळायचं ताट हातातच राहिलं. तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर फिरला. मात्र तो बघून होत होता तोवर शकुन परतीच्या वाटेवर, माहेर तीन किलोमीटरवर असताना, दुभाजकावर बसलेली होती. पाय लाकडाचे झाले होते. तिला मदतगाडीत घातलं, आणि गाडी त्याच गल्लीवरून गेली. डफडं तेव्हाही वाजत होतं.

त्यानंतर वर्षभर ती माहेरी गेली ती फक्त भाऊबीजेला, आणि तेव्हाही दुपारच्या बसनं परत आली.

आता ही गोष्ट खरं तर तिच्या मुलीची आहे. प्रतीक्षा दहावीत. आठवीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी देतानाही खाली बघायची. नववीत तिनं विज्ञानाच्या प्रकल्पासाठी अख्ख्या शाळेच्या नाड्या मोजल्या, मुख्याध्यापकांपासून शिपाईकाकांपर्यंत. मनगट धरायचं आणि घड्याळाकडं बघायचं. ज्याचं मनगट आपल्या हातात असतं त्याला आपण घाबरत नाही हा शोध तिला तेव्हाच लागला. त्यानंतर ती कुणालाच घाबरेनाशी झाली. घरी तर तिला आवरायची सोय नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत एके दिवशी आई भाकरी थापत असताना तिनं आईचं मनगट धरलं.

"तू काय करून राहिली व?"

"मोजून राहिली. आई, तू पळत नाई, तू भांडते रस्त्यासंगं."

"मंग काय ओवाळू त्याले?"

मग प्रतीक्षानं तिला कमी ठोक्यांचं धावणं समजावून सांगितलं. तिनं ते फोनवर वाचलं होतं, परत परत वाचलं होतं, आणि आता ती ते स्वतःच शोधून काढल्यासारखी सांगत होती. एकशे ऐंशीतून वय वजा करायचं. आईचं वय त्रेचाळीस, उरले एकशे सदतीस. छातीला पट्टा बांधायचा, तो ठोके मोजून आकडा फोनवर दाखवतो. मिनिटाचे ठोके या आकड्याच्या वर गेले की हळू व्हायचं. तरी उतरले नाहीत तर चालायचं. महिनोन् महिने असंच. नव्या माणसापेक्षा हे जुन्या धावणाऱ्याला जास्त जड जातं, कारण त्याला जोरात पळता येत असतं आणि तेच करायचं नसतं.

"अन् यानं काय होते?"

"तुहं हृदय शिकते. कमी ठोक्यात जास्त काम. पाय शेवटपर्यंत पुरतात."

शकुननं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "यंदा अमरावतीत गाडीत बसून आली न मी, त बूट कोनाले तरी देऊन टाकीन. मंग नाई धावायचं. तुह्यानं जमत असंन त पाह्य."

असं ते ठरलं. शकुनचं धावणं पुढं चालणार की थांबणार हे आता दहावीतल्या पोरीवर आलं. धर्मेंद्र, म्हणजे प्रतीक्षाचे बाबा, यांनी या करारात एवढाच भाग घेतला की सायकलची चेन पुसून तिला तेल दिलं.

कृषी विद्यापीठाच्या झाडांतून जाणारा रस्ता अकोल्यातल्या सगळ्या धावणाऱ्यांचा. पहाटे तिथं प्रतीक्षा सायकलवर, फोन हँडलला बांधलेला, आणि आई बाजूनं पळतेय. इशारा एसटीचा ठरला होता. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जिनं आयुष्यभर ड्रायव्हरला घंट्या मारल्या तिला आता घंटीवर चालायचं होतं.

अकोल्यात मे महिन्यात पहाटसुद्धा कढत असते. पन्नास पावलं पळाली की ठोके वर. टिंग. आई चालायला लागे. ठोके उतरत. टिंग टिंग. आई पळू लागे. टिंग. पहिल्या दिवशी ती पळाली कमी आणि चालली जास्त. शेवटी तर ती घंटीकडंच अशा नजरेनं बघत होती की प्रतीक्षानं हँडल दुसऱ्या बाजूला वळवलं.

शकुनच्या धावण्याच्या गटातले गजेंद्रकाका, कापडाचं दुकान आहे त्यांचं, भरधाव बाजूनं जाताना म्हणाले, "काय व शकुनताई, गाडी पंक्चर झाली का?"

"डिझेल वाचवून राहिली," प्रतीक्षानं उत्तर दिलं.

"मंग धक्का मारायले सांगजो."

लोकांचंही तसंच. शहरातली निम्मी माणसं शकुनला बसमुळं ओळखतात. ती रस्त्यानं घामाघूम चालताना दिसली की मोटारसायकली थांबत. "बसा ताई, सोडून देतो. एसटी बंद आहे का आज?" एकाला नाही म्हणेपर्यंत दुसरा थांबे. वऱ्हाडात चालणाऱ्या माणसाला एकटं चालू देणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं.

तिसऱ्या आठवड्यात शकुननं घरी येऊन छातीचा पट्टा काढला आणि वॉशिंग मशीनवर आपटला.

"आठ मॅरेथॉन पळालेली बाई मी. अन् मले आज एका आजीनं ओलांडलं. तिच्या हातात दुधाची कॅटली होती, प्रतीक्षा. भरलेली."

"ती आजी जोरातच चालते."

"तिनं मांगं वळून मले इचारलं, बीपीचं आहे का बाई तुले."

धर्मेंद्र भिंतीकडं तोंड करून हसले. शकुनला ते दिसलं, आणि मग तिलाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी पट्टा परत बांधला गेला.

ही गोष्ट हळूहळू घडली, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही. पावसाळ्यात चालणं कमी झालं. गणपती बसले तेव्हा आई कृषी विद्यापीठाची पूर्ण फेरी एकही घंटी न ऐकता पळाली. दिवाळीच्या आसपास प्रतीक्षाला सायकल दामटावी लागायला लागली. आकडा तोच, एकशे सदतीसच्या आत, पण रस्ता भराभर मागं पडत होता. आणि या वेगात शकुन बोलत होती. बाळापूरच्या बसमधली कोंबड्यांची टोपली कशी सुटली, धामणगावच्या बाईनं अर्ध्या तिकिटासाठी मिशी फुटलेल्या मुलाला मांडीवर कसं घेतलं, हे सगळं ती धावता धावता, श्वास न तोडता सांगत होती. बाजूनं पळणारे गजेंद्रकाका फक्त "हं" म्हणत होते. तेवढाच श्वास त्यांच्याकडं शिल्लक होता.

प्रतीक्षाची छाती तेव्हा अशी फुगली की तिच्याच ठोक्यांना घंटी मारावी लागली असती.

मग डिसेंबरात आबाजींचा फोन आला. आबाजी म्हणजे किसनराव, शकुनचे वडील. फोनवर ते शेतातून हाक मारल्यासारखे बोलतात, त्यामुळं स्पीकर लावायची गरज पडत नाही.

"शकुन, डफडंवाल्याले सांगून ठेवलं मी. औंदा दोघं आहेत. तू आपली घरापुढून अशी जाय का पाह्यत राह्यले पायजे लोकं."

"हाव, बाबा," शकुन म्हणाली आणि फोन ठेवल्यावर गच्चीवर बराच वेळ वाळलेले कपडे घडी करत राहिली. घडी घातलेला टॉवेल तिनं परत उलगडून परत घडी केला.

प्रतीक्षा गच्चीच्या कठड्याला टेकली होती. "आई, तिथं चढ आहे."

"मले सांगतं का? तिथंच लहानाची मोठी झाली मी."

"ठोके वर जातील. चालावं लागंल."

"दुसरीकडं कुठंबी चालीन. तिथं नाई."

"पण..."

"माहेराच्या दारापुढून पोरगी चालत गेली त लोकं काय म्हणतीन? म्हणतीन थकली. म्हणतीन सासरी खायले भेटत नाई. अन् बाबा ओट्यावर बसून असतीन, डफडं सांगून. त्याइच्या डोयापुढून मी चालत जाऊ?" शकुननं चिमट्यांची टोपली उचलली. "तेवढा चढ पळते. पुढं गेल्यावर तू म्हणशीन तितकं चालते."

"मागच्या वर्षी पुढं गेल्यावर काय झालं?"

शकुन जिना उतरून गेली. प्रतीक्षाला वाटलं, आपण नको ते बोललो. मग वाटलं, बोलायलाच पाहिजे होतं. दोन्ही एकदम वाटलं आणि ती कठड्याशीच उभी राहिली.

शर्यत जानेवारीत. त्या दिवसासाठी प्रतीक्षानं आकडा जरा सैल सोडला होता, एकशे पंचेचाळीसपर्यंत, पण तो फक्त वळणाच्या खांबापर्यंत. खांबाला वळसा घातला की पट्टा विसरायचा आणि आईनं आपल्या मर्जीनं पळायचं. पहाटे सुरुवातीच्या रेषेवर शकुन म्हणाली, "जाय तू आबाजीकडं." चढाबद्दल ना तिनं काही कबूल केलं, ना प्रतीक्षानं विचारलं.

गल्ली केव्हाची जागी होती. थंडी मजबूत होती, म्हणून ओट्याजवळ शेकोटी. आबाजी खुर्चीत, नवी टोपी, गुडघ्यावर शाल. चंदामामी ताट घेऊन. शेजारचे खुशालराव, हे नात्यानं कोणीच नव्हेत, पण माहेरची गल्ली म्हटल्यावर प्रतीक्षाचे सगळेच मामा, ते आपली जुनी काळी सायकल दाराला टेकवून उभे.

"दहावीचं वर्ष," चंदामामी म्हणाल्या, "अन् ही पोट्टी मायच्या मांगं सायकल घेऊन फिरून राहिली. पेपरात काय लिहिशीन व, ठोके?"

"विज्ञानात येतातच ठोके, मामी."

"तोंड पाह्य हिचं. मागच्या वर्षी पाण्याचा गिलास मागाले लाजत होती."

धावणारे येऊ लागले. आधी काटक पोरं, मग गट गट. गजेंद्रकाका हात हलवत, डफड्याच्या तालावर नाचल्यासारखे चढ चढून गेले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"अकोल्याचे लोकं त पळून राह्यले," खुशालराव म्हणाले. "आपली कुठी आहे?"

"येऊन राहिली," प्रतीक्षा म्हणाली. तिचे डोळे कोपऱ्यावर होते.

आणि आली. कोपऱ्यावरून एकसारखी, खांदे सैल, जणू बाजारातून येतेय. प्रतीक्षा तिला गाठायला थोडी खाली धावली. फोनला पट्टा सापडला. एकशे एकोणचाळीस. प्रतीक्षानं श्वास सोडला. अजून चढ सुरूही झाला नव्हता.

तेवढ्यात डफडं कडाडलं. आबाजी काठी टेकून उठले. "आली, आली माही शकुन."

शकुननं वर पाहिलं. तिचा वेग होता तोच होता, पावलं तीच होती, आणि तरी फोनवरचा आकडा चढायला लागला. एकशे सेहेचाळीस. बावन्न. अठ्ठावन्न. ओट्यावर उभा असलेला बाप बघूनच तिचं काळीज पळत सुटलं होतं, पाय अजून सपाट रस्त्यावरच होते. मग तिचे गुडघेही उचलले गेले. ते गुडघे प्रतीक्षाला चांगले ओळखीचे होते. वर्षभर तिनं तो व्हिडिओ रोज पाहिला होता.

"आई, हळू," ती ओरडली. डफड्यात कोणाला ऐकू जाणार.

गल्ली एका सुरात ओरडत होती, धाव शकुन, धाव. आणि शकुन सुटण्याच्या बेतात होती.

प्रतीक्षा धावत चढ चढली, खुशालमामांची सायकल दारापासून ओढली आणि ठणकन एक घंटी मारली. डफड्यानं ती गिळली. तेव्हा या पोरीनं सायकल तशीच हातात धरून पहिल्या डफडंवाल्याच्या डफड्यावर आपला पंजा ठेवला. तो बिचारा थांबला. तो थांबला म्हणून दुसरा थांबला. गल्लीला काही कळेना म्हणून गल्लीही थांबली. आणि त्या शांततेत तिनं परत घंटी मारली.

टिंग.

शकुननं लेकीकडं पाहिलं. त्या नजरेत एक अख्खी शिवी होती. दोन पावलं ती तशीच पळाली, तिसरं अडखळलं, आणि ती चालायला लागली.

सगळ्या माहेरासमोरून. रांगोळ्यांच्या मधून. शेकोटीतलं लाकूड तडकलं तेही ऐकू आलं. मागून येणारी दोन पोरं तिला ओलांडून पळत गेली.

"अवं काय झालं व?" चंदामामी ताट सांभाळत पुढं आल्या. "पाय मुरगळला का?"

"काई नाई वहिनी," शकुन समोर बघतच म्हणाली. "पोरीनं घंटी मारली."

बापासमोरून जाताना तिनं मान वळवली नाही. चालत राहिली, हात हलवत, ताठ. प्रतीक्षा बाजूनं सायकल ढकलत, फोनकडं बघत. एकशे पन्नास. सेहेचाळीस. चढ संपला तेव्हा बेचाळीस. प्रतीक्षानं दोन घंट्या मारल्या आणि आई पळू लागली. जाताना एवढंच म्हणाली, "घरी ये, मंग पाह्यते तुह्याकडं."

सायकल ढकलत परत येताना प्रतीक्षाला तो उतार फार लांब वाटला.

खुशालरावांनी सायकल हातातून घेतली. "भर लोकात चालवलंस न तुह्या मायले. मागच्या वर्षी गाडीत, औंदा पायी. पुढच्या वर्षी काय, रांगत?"

जुनी प्रतीक्षा असती तर न्हाणीत जाऊन रडली असती. आता ती म्हणाली, "मामा, ती परत इथूनच येणार आहे. तवा बोलू."

आणि ती आबाजींच्या पायाशी जाऊन बसली. ते खुर्चीत खाली बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"आबाजी, रागावले?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली. मग म्हणाले, "तिच्या पायले काई झालं का?"

"नाई हो. ठोके वर गेले होते."

"खरं सांग. मागच्या वर्षी ते गाडी इथून गेली तवा काचा बंद होत्या. मले कोनी सांगतलं नाई का ते आत धड बसून आहे म्हणून. मी अर्धा तास..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "आज चालाले लागली त मले वाटलं, झालं."

प्रतीक्षा त्यांच्याकडं बघतच राहिली. "मंग डफडं कायले सांगतलं? ती तुमच्यासाठी पळते इथून. तुमाले आवडते म्हणून."

"मले?" आबाजी चकित झाले. "भाऊबीज सोडून वर्षभर आली नाई न पोरगी. शरमून राहिली, हे कायले समजत नाई मले. म्हटलं डफडं वाजलं त तिले वाटंन का मागचं कोनाच्या ध्यानात नाई."

प्रतीक्षाला हसावं की डोकं आपटावं कळेना. लेक बापासाठी फुटेस्तोवर पळत होती आणि बाप लेकीसाठी डफडं वाजवत होता, आणि मधल्या वर्षात दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं. तिनं सवयीनं आबाजींचं मनगट धरलं. नाडी अजून उड्या मारत होती.

"पाहा, तुम्ही त बसून आहे, तरी किती पळून राह्यलं तुमचं काळीज. आईचंबी तसंच झालं. त्या वेळी ती पळाली असती त आज परत गाडीत आली असती. म्हणून चालवलं मी तिले. लोकायसमोर चालवलं."

आबाजींनी ते सगळं ऐकून घेतलं. "तिले लई जड गेलं असंन," ते म्हणाले.

"लई."

"चढ पळून जाणं सोपं होतं का मंग तिले?"

"एकदम सोपं."

म्हाताऱ्यानं टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.

उन्हं गल्लीत उतरली तशी परतीची माणसं यायला लागली. जी काटक पोरं सकाळी उडत गेली होती त्यातली काही आता रस्त्याच्या कडेनं पाय ओढत होती. एकाला चंदामामींनी गूळ दिला. मग गजेंद्रकाका आले, एक हात मांडीवर दाबून, चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा, आणि कोणी म्हणायच्या आत आबाजींच्या ओट्यावर बसले.

"गोळा आला," ते म्हणाले. "पाणी द्या जरा. मीठ टाकून."

"गाडी पंक्चर का काका?" प्रतीक्षानं विचारलं, आणि गिलासही तिनंच आणून दिला.

"तुही माय..." काका पाणी पिता पिता चढाच्या वर बोट दाखवू लागले. "वळणावर पाह्यली मी तिले. लई मांगं होती. आता मले वाटते..."

त्यांचं वाटणं पुरं व्हायच्या आत शकुन वरच्या टोकाला दिसली.

ती पळत होती. चालणाऱ्यांच्या, लंगडणाऱ्यांच्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्यांच्या मधून ती बस गर्दीतून काढावी तशी येत होती. "सरका, भौ, डावीकडून," असा आवाजही ऐकू आला, आणि लोक खरंच सरकत होते. एकतीस किलोमीटर झाले होते आणि तिच्याकडं ओरडायला श्वास होता.

डफडंवाल्यानं काठी उचलली, मग प्रतीक्षाकडं पाहिलं. "वाजवू का, बाई?"

"वाजवा. आता काहीबी वाजवा."

या वेळी शकुननं मान वळवली. आबाजी ओट्याच्या कडेला उभे होते. त्यांनी हात वर केला नाही, ओरडले नाहीत. फक्त मोठ्यानं विचारलं, "बरी आहे न व?"

"बरी आहो, बाबा," ती म्हणाली, वेग न मोडता. "उठा गजेंद्रभौ, ओटा माह्या माहेरचा आहे." आणि उतारावरून ती अशी गेली की चंदामामींना ताट खाली ठेवायचंही सुचलं नाही. प्रतीक्षाच्या हातातल्या फोनवर कुठलासा मोठा आकडा चमकून गेला. तिनं तो वाचलाही नाही.

खुशालराव घसा खाकरून म्हणाले, "अजून अकरा बाकी आहेत म्हणा."

"मग पाहायले चला," प्रतीक्षा म्हणाली.

झालं. गल्लीला तेवढंच निमित्त हवं होतं. चंदामामींच्या नवऱ्याची, म्हणजे प्रतीक्षाच्या सख्ख्या मामाची ऑटो निघाली. आबाजी बसले, चंदामामी बसल्या, खुशालराव कडेला लटकले, मग कोणीतरी म्हणालं शेजारच्या मैनाबाईंना कसं सोडायचं, त्यांना बोलावलं तर त्या साडी बदलायला गेल्या. त्या आल्या तर आबाजींची काठी घरात राहिलेली. राजापेठेत रस्ता शर्यतीसाठी अडवलेला, म्हणून आतल्या गल्ल्यांतून फिरून जावं लागलं. प्रतीक्षा ऑटोच्या दांडीला धरून, "मामा, दाबा न," म्हणत होती, आणि मैनाबाई दर वळणावर "हळू ने रे बापा" म्हणत होत्या.

शर्यत संपते त्या मैदानावर पोचले तेव्हा शकुन तिथं आधीच होती. गवतावर पाय पसरून, डोक्यावर निळी टोपी, गळ्यात पदक, हातात पोह्यांची प्लेट. तिचे गाल लाल झाले होते आणि तोंड भरलेलं होतं.

"किती वेळ," ती पोहे गिळत म्हणाली. "कधीची येऊन बसली आहो मी. सगळे जण कुठी होते तुम्ही?"

तिच्या आजवरच्या सगळ्या मॅरेथॉनपेक्षा ही लवकर संपली होती. शेवटचे अकरा किलोमीटर ती अशी पळाली होती की ते सांगताना तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता, म्हणून ती ते दोनदा सांगत होती. चंदामामींनी तिथंच, गवतावर, कसंबसं दिवा विझू न देता तिला ओवाळलं. शकुननं लेकीला जवळ ओढून तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, तो सकाळचा, आणि मग तिचं डोकं घामेजल्या खांद्यावर दाबून धरलं. बराच वेळ सोडलं नाही. प्रतीक्षाच्या तोंडात आईच्या केसांची खारट बट आली तरी ती हलली नाही.

आबाजी तिथं नव्हते. प्रतीक्षानं मान वर करून शोधलं तर ते थोड्या अंतरावर, काठीवर दोन्ही हात ठेवून, एका अनोळखी माणसाशी बोलत होते. तो पुण्याकडून धावायला आलेला, महागाचे बूट, पाय धरून बसलेला.

"ते निळ्या टोपीवाली पाह्यली का? ते माही पोरगी," आबाजी त्याला सांगत होते, शेतातून हाक मारल्यासारखे, म्हणजे सगळ्या मैदानाला. "आमच्या घरापुढं मोठा चढ आहे. दोन डफडे लावले होते. सगळी गल्ली उभी होती. अन् हे सगळ्यायच्या समोरून, माह्या डोयादेखत, चालत गेली."

त्या माणसानं नीट न समजून मान हलवली. आबाजींनी त्याच्या शेजारी गवतावर सावकाश बसकण मारली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.